डावी बाजू

माझ्या नवऱ्याने मला चित्रातून गाळलं, म्हणून मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. राग माझ्या नाकावरच असतो, आमच्या राजेंद्र नगरात कुणालाही विचारा. पण ते आठ दिवस आठवले की आता रात्री उठून बसते. मी इकडे फुगून बसले होते, तिकडे यांच्या डोक्यात काय होऊन बसलंय याचा मला पत्ता नव्हता, आणि त्याच आठ दिवसांत आमची दहा वर्षांची नात तीनदा यांच्या स्कूटरवर मागे बसून राऊला गेली.

यांचं नाव हरी. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतंच घ्यायचं, पण आता सांगायलाच बसलेय तर घेते. हरी पाटणकर. यांचे आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात मराठी बोलतात, पण भांडण रंगात आलं की हिंदीच तोंडात येते, कारण तिच्यात जोर जास्त आहे असं माझं मत आहे.

हे सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. आता ट्रेसर म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नाही. इंजिनियर पेन्सिलने मोठा नकाशा काढायचा. त्यावर पातळ मेणकापड ताणून बसवायचं, आणि खालची प्रत्येक रेष शाईने वर उतरवायची. कालवा, बंधारा, पुलाचे खांब, शेताचे बांध, विहिरी, सगळं. चौतीस वर्षं हेच केलं. एकदा एका साहेबाने म्हणे सांगितलं, "हरी बाबू, ये कुआँ रहने दो, सूखा पड़ा है, किसको देखना है." हे म्हणाले, "मुळात आहे साहेब, तर उतरणार." साहेब चिडला, यांची बदली करायला निघाला, पण विहीर नकाशात आली ती आलीच. घरी येऊन मला सांगितलं, "सरू, एक विहीर सुटली तर त्या शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागायची?" चौतीस वर्षांत माझ्या हातून एक रेष सुटली नाही, हे वाक्य आमच्याकडे देवाच्या आरतीइतक्या वेळा झालेलं आहे.

पुढे कॉम्प्युटर आले, मेणकापड गेलं, आणि यांना शेवटची काही वर्षं रेकॉर्ड रूममध्ये नुसतं बसवलं.

गंमत अशी, की एवढा हात बसलेला माणूस, पण स्वतःचं म्हणून एक चित्र काढता यायचं नाही. आमचा निशांत शाळेत होता तेव्हा म्हणाला, "बाबा, एक पोपट काढून द्या ना." हे कोरा कागद घेऊन तासभर बसले. घाम फुटला. शेवटी म्हणाले, "अरे, खाली पोपट पाहिजे ना, मग वर निघेल." पोपट मीच काढला. तो कोंबडीसारखा दिसत होता ते सोडा.

तर असा माणूस बहात्तराव्या वर्षी चित्रकला शिकायला लागला, त्याला कारण आर्या, म्हणजे निशांतची मुलगी. तिला राऊला, इंदूरच्या वेशीबाहेर, मधुरिमा मॅडमच्या क्लासला घातलं. बुधवार आणि रविवार. निशांत आणि सून दोघं नोकरीवाले, त्यांना कुठली फुरसत! मग आजोबांची स्कूटर. हे तिला सोडायचे आणि क्लास सुटेपर्यंत जिन्याखाली बाकावर बसायचे. मधुरिमा मॅडम एक दिवस म्हणाल्या, "काकाजी, बाहर मच्छर खाएँगे, अंदर आकर बैठो." आत गेले ते पेन्सिल घेऊनच बसले.

तिथे यांना पहिल्याच दिवशी धक्का बसला. प्रत्येक मुलासमोर एकेक फोटो. कुणापुढे मांजर, कुणापुढे केटली. हे हळूच म्हणाले, "मॅडम, ये तो नकल हुई." आमच्या इथे नकल म्हणजे परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणं, दुसरं काही नाही. मॅडम हसल्या. आमच्यासारख्याच अर्ध्या मराठी, अर्ध्या हिंदी बोलतात. म्हणाल्या, "काकाजी, रेफरन्स देखना मतलब नकल नाही. डोक्याला वाटतं की त्याला सगळं माहितीये. डोळा म्हटलं की मासोळी काढतं, झाड म्हटलं की काठीवर ढग. फोटो समोर असला की डोक्याची दादागिरी चालत नाही. जे माहितीये ते नाही काढायचं. जे दिसतंय तेच काढायचं."

जे दिसतंय तेच काढायचं! घरी येऊन यांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं की माझे कान किटले. पण खरं सांगते, माणूस खुलला. फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तेवढेच कागदावर आखायचे, आणि एकेका चौकोनातलं उतरवत जायचं. यांच्या हातचंच काम ते! महिन्याभरात लिंबू झालं, केटली झाली, कबुतर झालं. मॅडमनी अजून एक युक्ती शिकवली. फोटो उलटा ठेवायचा, खाली डोकं वर पाय. म्हणजे ही सायकल आहे की माणूस ते डोकं विसरतं आणि नुसत्या रेषा बघतं. हे आर्याची सायकल तशी उलटी बघून काढत होते आणि कागद सुलटा केला तर हुबेहूब सायकल. लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या यांनी.

मग संक्रांत झाली. तिच्यानंतर चार-पाच दिवसांनी एका सकाळी यांचं डोकं दुखलं, जरा गरगरलं. मी म्हटलं पित्त असेल, संक्रांतीचे लाडू कमी खाल्लेत का? सुंठ-साखर दिली आणि म्हटलं, जरा पडा. दुपारी उठले, चहा मागितला, बरे दिसले. विषय संपला. सुंठ-साखर दिली मी! आजही त्या डब्याला हात लागला की तो तसाच मागे सारते.

त्यानंतर यांनी माझी चटणी खाणं सोडलं.

आपल्यात ताट वाढायची रीत तुम्हाला माहितीच आहे. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. भाजी काय, कुणीही करतं. सुगरण ओळखायची ती ताटाच्या डाव्या बाजूवरून. माझी जवसाची चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, खाऊन बघा एकदा. पंचेचाळीस वर्षं या माणसाने आधी चटणीला बोट लावलंय आणि मग घास घेतलाय. आणि आता ताट उचलायला जावं तर चटणी जशीच्या तशी. कोशिंबीर तशीच. मी एकदा विचारलं, "तिखट झाली का?" हे म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "चटणी." तर म्हणाले, "वाढलीच कुठे तू?" समोर वाढलेली असताना! मला वाटलं, क्लासला जाता-येता पोह्यांवर शेव खाऊन तोंडाची चव गेली आणि वर माझी चेष्टा चालवलीये.

दाढी करायचे तर डावा गाल तसाच. मी म्हणायची, "अर्धी दाढी कुणासाठी राखून ठेवलीत?" डाव्या पायातली चप्पल कुठेतरी सुटायची आणि हे तसेच घरात यायचे. स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा आपटायचा. मी म्हणायची, चाळीस वर्षं झाली या घराला, दार कुठे आहे तेही आता मी सांगू का? प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक टोमणा तयार. एकदाही मनात आलं नाही, की या सगळ्या गोष्टी एकाच बाजूच्या आहेत.

आणि मग ते चित्र.

दोन वर्षांपूर्वी यांची सत्तरी झाली तेव्हा भीमरथी शांत केली होती. तिचा एक फोटो छान आला होता. होमासमोर पाटांवर आम्ही दोघं. मी सवयीने डावीकडे बसले तर गुरुजी म्हणाले, "बाई, धर्मकार्यात उजवीकडे." म्हणून मी यांच्या उजव्या हाताला, म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडे. हे आहुती देतायत आणि मी रीतीप्रमाणे यांच्या हाताला हात लावलाय. हिरव्या बांगड्या, नथ, सगळा थाट. हे म्हणाले, लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला मी या फोटोवरून चित्र करणार, तोवर बघायचं नाही. महिनाभर खोलीचं दार लावून काम चाललं. मी बाहेरून म्हणायची, "माझं नाक जरा बारीक काढा." 

वाढदिवस शनिवारी होता. निशांतचे सासू-सासरे होते, यांच्या ऑफिसातले जैन साहेब होते. चित्रावर यांनी माझाच शालू पांघरला होता. आर्याने तो ओढला.

चित्रात हे एकटे बसलेले. हुबेहूब हो! सोवळ्याची घडी, गंध, पळी, होमाचा धूर. आणि यांच्या उजव्या दंडावर चार बोटं. मागे हात नाही, माणूस नाही. नुसती चार बोटं आणि अर्धी हिरवी बांगडी. पुढे पांढरा कागद.

 निशांतच्या सासूबाई म्हणाल्या, "ही बोटं कुणाची?" हे वाकून बघायला लागले. अगदी मन लावून बघितलं आणि म्हणाले, "गुरुजींची असतील."

जैन साहेब हसत सुटले. "भिया, पंडितजी चूड़ियाँ पहनते हैं क्या? भाभीजी को तो आपने साइड कर दिया!" सगळे हसले. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मला का गाळलंत?"

"कशातून?"

"फोटोत मी आहे. चित्रात का नाही?"

हे शांतपणे म्हणाले, "या फोटोत तू नाहीस गं, सरू. दुसरा असेल तो. यात होतं ते सगळं मी उतरवलंय. एक रेष सुटलेली नाही."

असं कुणी आपल्या तोंडावर म्हणालं तर तुम्ही काय केलं असतं? मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, पंचेचाळीस वर्षं मी या घरात बोटांपुरतीच का? आणि अबोला धरला. चहा झाला की म्हणायचं, "आर्या, आजोबांना सांग, चहा झालाय." ताट वाढायचं आणि पाठ फिरवायची. पाठ फिरवली नसती तर तिसऱ्या दिवशीच कळलं असतं. पण मी वळून बघतेय कशाला!

आठवा दिवस, रविवार. निशांत आणि सून उज्जैनला लग्नाला गेलेले. हे आणि आर्या अकराला जेवले आणि साडेअकराला स्कूटर काढून क्लासला निघाले. मी दारातही गेले नाही. आर्याने "आजी, टाटा" केलं, तिला आतूनच "हं" म्हटलं.

म्हटलं, ते चित्र आता माळ्यावर टाकून देऊ, डोळ्यासमोर नको. उचलायला गेले तर त्याच्यामागे तो फोटो होता, मोठा प्रिंट काढून आणलेला. त्यावर यांनी चौकोन आखलेले. मी पंचेचाळीस वर्षं ट्रेसरची बायको आहे, मला एवढं कळतं, की हे चौकोन आखायला कडेपासून सुरुवात करतात आणि वर एक, दोन, तीन असे आकडे घालतात. फोटोवर आकडे होते. पण 'एक' हा आकडा फोटोच्या मधोमध होता. यांच्या दंडावर, जिथे माझी बोटं आहेत तिथे. त्याच्या डावीकडे, मी बसलेय त्या सगळ्या भागावर, एक रेघ नाही. पेन्सिल लागलेलीच नाही.

मला गाळायचं असतं तर यांनी पूर्ण फोटो आखला असता आणि मग माझे चौकोन सोडले असते. चौतीस वर्षं विहीर न सोडणारा माणूस फोटोच्या मधूनच आखायला सुरुवात का करेल?

हातात फोटो घेऊन मी स्वयंपाकघरात आले. टेबलावर यांचं ताट तसंच पडलं होतं. मी आठ दिवसांत पहिल्यांदा त्या ताटाकडे नीट बघितलं. चटणी तशीच, लिंबू तसंच, कोशिंबीर तशीच. ते तर रोजचंच. पण आज भाताची मूदसुद्धा अर्धीच होती. उजवा अर्धा भाग खाल्लेला, डावा तसाच, मधोमध सुरीने कापल्यासारखा. पोळीही तशीच, डावीकडची चतकोर जागेवर. भुकेला माणूस आपला भात अर्धा टाकून कसा उठेल?

तो फोटो मी ताटाशेजारी ठेवला. इकडे डावीकडे मी. तिकडे डावीकडे चटणी. मग डावा गाल आठवला, डावी चप्पल, डावा खांदा. एकेक आठवत गेलं. हा माणूस मला टाळत नव्हता. याला मी दिसतच नव्हते. डावीकडचं काहीच दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हेही त्याला माहीत नव्हतं.

आणि आर्या मागे बसलेली. ए. बी. रोडच्या हायवेवरून राऊपर्यंत. डावीकडून ठेले, डावीकडून रिक्षा, डावीकडून माणसं उतरतात, गायी येतात.

मी फोन लावला. घंटा घरातच वाजली. यांचा फोन खुर्चीवर, उठताना यांच्या डाव्या हाताला राहिला असणार. मॅडमचा नंबर आर्याच्या वहीत सापडला, पण त्या क्लासमध्ये फोन उचलत नाहीत. तीनदा लावला. निशांतला लावायला घेतला आणि थांबले. तो उज्जैनहून काय करणार? गाडी हाकत सुटेल आणि मग त्याचीही काळजी. मी तशीच निघाले, घरातल्याच साडीत. फोटो आणि वही पिशवीत कोंबली. कोपऱ्यावर ऑटो मिळाला. म्हटलं, "भैया, राऊ, जल्दी."

त्या रस्त्याने मी हजार वेळा गेलेय. त्या दिवशी प्रत्येक स्कूटर यांची वाटत होती. गणपतीला काय काय बोलले ते सांगत नाही, पण एक सांगते. मी म्हटलं, देवा, हवं तर त्यांनी मला जन्मभर गाळावं, पण पोरगी धड राहू दे. राऊच्या चौकाच्या अलीकडे गर्दी दिसली. माणसं गोल करून उभी, मध्ये आडवी पडलेली स्कूटर, तिचं चाक अजून फिरत होतं. ऑटोवाला म्हणाला, "माताजी, आप मत उतरो, मैं देखता हूँ." मी ऐकते कुणाचं! उतरले आणि पुढे घुसले. डोळ्यांपुढे आर्याची पिवळी ओढणी, स्कूटरवर तोंडाला बांधते ती. गर्दीत एक बाई म्हणाली, "कुछ नहीं हुआ, दूधवाला फिसल गया." रस्ताभर दूध. मी त्या दूधवाल्याकडे बघून रडायला लागले, तर तोच मला म्हणाला, "अम्माजी, मुझे नहीं लगी."

मॅडमच्या घराखाली स्कूटर उभी होती. जीव भांड्यात पडला, पण दोन पावलं पुढे गेले आणि पुन्हा वर आला. डावा आरसा नव्हता. पुढून मागपर्यंत डावीकडे लांब ओरखडा.

जिन्यात आर्या होती. मला बघून घाबरली. "आजी, तू? आजोबांनी सांगितलं सांगायचं नाही." तिचं डावं कोपर खरचटलेलं, त्यावर हळद नाही, काही नाही. "अगं, केळ्यांचा ठेला एवढा मोठा होता. मी ओरडले, आजोबा, लेफ्ट! लेफ्ट! तरी त्यांना दिसलाच नाही. मग म्हणाले, हा आला कुठून?" मी तिला पोटाशी धरलं. तर तीच मला थोपटायला लागली.

वर हे कागदावर वाकून बसले होते. समोर एका घोड्याचा फोटो. कागदावर मागचे पाय आणि शेपूट. मी आठ दिवसांनी पहिला शब्द बोलले.

"स्कूटरची चावी द्या."

हे दचकले. मी डावीकडून आले होते. पूर्ण मान वळवली तेव्हा कुठे दिसले. "तू इथे कशी? आणि चावी कशाला?"

"द्या म्हणते ना."

"ठेला त्याने मध्येच घातला, माझी चूक नाही. मला सगळं दिसतं, सरोजिनी." मला पूर्ण नावाने हाक मारली की समजायचं, हे हटणार नाहीत. सगळी मुलं पेन्सिली थांबवून बघत होती. एरवी मी तिथेच तमाशा केला असता. पण आज नाही. मी पिशवीतून तो फोटो काढला आणि घोड्यावर ठेवला.

"यात मी कुठे आहे, दाखवा."

यांनी बघितलं. खोटं सांगत नाही, इतकं मन लावून यांनी माझ्याकडे लग्नातही बघितलं नसेल. मग म्हणाले, "तू नाहीस यात. मी तेव्हाच सांगितलं होतं."

मी फोटो उलटा केला. खाली डोकं, वर पाय.

मधुरिमा मॅडम जवळ आल्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. यांचं बोट फोटोवरून फिरायला लागलं. नथीवर आलं, थांबलं. बांगड्यांवर आलं. "ही... अगं, ही तू आहेस." चेहरा उजळला यांचा, हरवलेलं सापडल्यासारखा. मग बोट पुढे सरकलं, माझ्या बोटांपर्यंत गेलं आणि तिथेच अडखळलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा गेलं.

"मग मी कुठे आहे, सरू?"

 यांनी स्वतः फोटो सुलटा केला. मग पुन्हा उलटा. पुन्हा सुलटा. तीन-चार वेळा केलं. मूळ प्रत आणि नक्कल जुळवून बघायची सवय या माणसाला. चूक कागदात नाही हे यांना तिथेच कळलं असेल.  खिशात हात घातला, चावी काढली आणि माझ्या हातात दिली. हळूच म्हणाले, "विहीर सुटली गं."

तिथून ऑटोने सरळ हॉस्पिटल. स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे समजावलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती, पाच-सहा आठवड्यांपूर्वी. संक्रांतीनंतरचीच ती सकाळ, दुसरी कुठली! त्या म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत. पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. त्यांच्या लेखी डावी बाजू जगात नाहीये." मी विचारलं, परत येईल? म्हणाल्या, थोडी येईल, सगळी नाही सांगता येत. आणि असा झटका पुन्हा येऊ शकतो, म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत. "कधी?" मी विचारलं. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

ते 'कधी' आता आमच्याकडे मुक्कामाला आहे. हे जरा जास्त वेळ झोपले की मी छातीकडे बघते, हलतेय ना. बाथरूममध्ये पाणी वाजायचं थांबलं की दारावर थाप मारते. हे वैतागतात, "अगं, अंग पुसतोय." मी बाहेरून म्हणते, "मग गाणं म्हणत पुसा." फटकळपणा जात नाही माझा. पण आतून जीव सारखा टांगलेला आहे, आणि हे मी निशांतलाही बोलले नाही.

जेवताना मी आता समोर बसते. अर्धं जेवण झालं की ताट फिरवते. हे म्हणतात, "अरे वा, चटणी पण होती का!" रोज म्हणतात. रोज तेवढंच नवल. मी म्हणते, हो, होती.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं काढायला सांगितलंय, म्हणून मॅडम आता बुधवारी घरी येतात. गेल्या महिन्यात हे म्हणाले, "ते वाढदिवसाचं राहिलंय. तुझं देणं आहे माझ्याकडे." फोटो उलटा मांडला, म्हणजे मी उजवीकडे आले, आणि त्याच बाजूने आखला. मॅडम म्हणाल्या, "काकाजी, आधा बाद में फोटो घुमा के करेंगे." हे म्हणाले, "आधा कशाला? पूर्ण करूनच उठेन." वीस दिवस बसले. काल संध्याकाळी हाक मारली, "सरू, झालं."

मी कागद सुलटा केला. मी होते. संपूर्ण होते. नथ, हिरव्या बांगड्या, कपाळावरची ती आठी, जी मला वाटायचं कुणाला दिसत नाही. नाकही बारीक काढलं होतं. हात पुढे केलेला, चार बोटं टेकलेली. आणि बोटांखाली काही नव्हतं. ना दंड, ना सोवळं, ना होमाचा धूर. पाटावर मी एकटी, आणि पुढे कोरा कागद.

  हे माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेतल्या मुलाने बाईंकडे बघावं तसे.

"कसं झालंय? एक रेष तरी सुटली का?"

पंचेचाळीस वर्षांत मी या माणसाची एक चूक पोटात घातलेली नाही.

"नाही," मी म्हटलं, "सगळं आलंय."